वाणात दिलेलं पुस्तक

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून माझी कादंबरी लुटायची, ही कल्पना बायकोची. मी म्हटलं, डबेच बरे.

"डबे आणि चाळण्या किती वर्षं द्यायच्या?" ती म्हणाली. "कॉलनीतल्या तीस जणी वाचतील, तीस घरांत बोलतील. तुझा प्रकाशक तर म्हणतोच आहे, प्रचार तुम्हीच करा म्हणून."

म्हणत होता खरा. घरी राहून पोर वाढवणाऱ्या बापाची विनोदी कादंबरी. ती खपायची तर लेखकानं पिशवी घेऊन हिंडायला हवं. मी हिंडलोही. शिर्डीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये वाचलं, कर्जतच्या वाचनालयात वाचलं. लोक हसले, शाल दिली, नारळ दिला. तिथे कसली भीती? परक्यांना काय माहीत असणार! भीती होती ती आमच्याच कॉलनीची, आणि त्यातही समोरच्या घरात राहणाऱ्या मावशींची.

का, ते सांगतो. ऐकून माझ्याबद्दल बरं वाटणार नाही, पण सांगतो.

लेक तेव्हा दहा महिन्यांची होती. बायको नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात, पहिली पाळी, सकाळी सहाला घराबाहेर. माझी नोकरी कंत्राटी, ती सुटली, म्हणून पोर मी सांभाळायचं असं ठरलेलं. ठरलेलं म्हणजे काय, बायकोचा जीव थाऱ्यावर नसायचा. दिवसात सात-सात फोन. सासूबाई तर तोंडावर म्हणायच्या, "पुरुषाच्या हाती पोर? मला तर बाई झोप नाही लागायची." बायको नोकरी सोडण्याच्या गोष्टी करायला लागली होती.

त्या दिवशी मी कुटासाठी दाणे भाजून सालं चोळत बसलो होतो. एक दाणा घरंगळला. पोरगी रांगत गेली, उचलून तोंडात टाकला आणि तिचा आवाजच बंद झाला. खोकला नाही, रडं नाही. ओठ निळे पडायला लागले. आणि मी काय केलं? काहीसुद्धा नाही. तिला दोन हातांवर घेऊन दारात जाऊन उभा राहिलो. ओरडायला तोंड उघडलं तर घशातून हवासुद्धा निघेना.

मावशींचं दार कायम उघडं. त्या कर्जतकडच्या, अंगणवाडीत मदतनीस म्हणून उभा जन्म काढलेल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, धावत आल्या, पोर हिसकावून घेतली, हातावर पालथी घातली आणि पाठीत थापट्या हाणल्या. चौथ्या थापटीला दाणा फरशीवर पडला आणि पोरगी जी काय किंचाळली! मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं रडलो.

दुपारी बायको आली. मी म्हटलं, "दाणा अडकला होता. मी काढला."

एवढंच. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "आता मला काळजी नाही. तू आहेस ना." दुसऱ्या दिवसापासून सात फोन बंद. नोकरी सोडायचं नाव तिनं परत काढलं नाही. मावशींना मी काही बोललो नाही आणि त्याही कधी कुणाजवळ बोलल्या नाहीत.

इथवरही ठीक होतं म्हणा. पण मी कादंबरी लिहिली! पान अठ्ठेचाळीसवर माझा नायक पोरीला दोन्ही पायांना धरून उलटी टांगतो, देवळातल्या घंटेसारखे झोके देतो, दाणा सुटतो तो थेट सासूबाईंच्या चहात. आणि समोरची म्हातारी शेजारीण? ती किंचाळून चक्कर येऊन पडते आणि नायक तिच्या तोंडावर पाणी मारतो. शिर्डीत या पानावर टाळ्या पडल्या होत्या. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती, पण मी खुशीत होतो.

आता हेच पुस्तक मावशींच्या हातात जाणार होतं. माझी एकच आशा होती. मावशी विधवा, हळदीकुंकवाला त्या कुठेच जात नसत. त्या येणार नाहीत म्हणून मला हायसं वाटलं होतं, हे लिहितानाही हात आखडतो. बायको मात्र तडक समोर गेली आणि त्यांना हाताला धरून घेऊन आली. "आमच्या घरी असलं काही पाळत नाही," म्हणाली. मावशी कोपऱ्यात सतरंजीवर बसल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पुस्तक मांडीवर मिटूनच ठेवलेलं. माझी लेक, आता सात वर्षांची, त्यांना रेलून बसली.

तिळगूळ झाला आणि बायको सगळ्यांना म्हणाली, "आता लेखक वाचून दाखवणार. दाण्याच्या कुटाचं प्रकरण!"

माझी पाचावर धारण बसली. दुसरं काही वाचतो म्हटलं, तर बायकांनी ओरडा केला. उभा राहिलो. पान सेहेचाळीस, सत्तेचाळीस. हसत होत्या सगळ्या. अठ्ठेचाळीस आलं तशी मी शांतपणे दोन पानं एकदम उलटली आणि पन्नासवर सासूबाई तो चहा ओतून टाकतात तिथपासून सुरुवात केली.

"अहो, थांबा!" एकदम चार-पाच आवाज आले.

मी विसरलो होतो. आमच्या कॉलनीतल्या बायका दर श्रावणात पारायणाला बसतात. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी आपापल्या पोथीत ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. तीस जणींचं बोट माझ्या पुस्तकातल्या ओळीवर होतं.

"पान गाळलं तुम्ही!"

"गाळायचं नाही हं. गाळलेलं चालत नाही!"

पानं मागे उलटली. वाचलं. पाय धरले, टांगली, घंटा, झोके. बायका डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. म्हातारी चक्कर येऊन पडली, ते मी इतक्या हळू वाचलं की "मोठ्यानं!" म्हणून कुणीतरी ओरडलं. मोठ्यानं वाचलं. मावशींकडे बघायची छाती झाली नाही.

हसणं ओसरल्यावर त्यांचाच आवाज आला. "ते पाय धरून टांगल्यालं, तसंच छापलंय का रं?"

"हो, मावशी."

"आन् किती जनांकडं गेलंय ह्ये पुस्तक?"

मला वाटलं, आता आलं सगळं बाहेर.

"आरं, मग कुनीतरी तसंच करंल की! मान मोडंल लेकराची."

दाराजवळ एक नवीन भाडेकरीण बसली होती, मांडीवर पाचेक महिन्यांचं मूल. मघाशी सगळ्यात जास्त तीच हसली होती. ती म्हणाली, "मला तर वाटलं असंच करतात."

तेव्हा मात्र मी खरा घाबरलो. इतके दिवस मी माझ्या अब्रूला भीत होतो. आता मी त्या मुलाच्या इवल्या मानेकडे बघत राहिलो.

"खोटं आहे ते," मी म्हणालो. "मी काही केलं नव्हतं. मी नुसता उभा होतो. मावशींनी वाचवलं तिला."

बायकोनं हातातला करंडा हळूच खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे त्ये आता," मावशी म्हणाल्या. "आदी बाहुली आन गं."

लेक पळत जाऊन तिची जुनी बाहुली घेऊन आली. मावशींनी ती हातावर पालथी घातली. "डोकं खाली. जबडा असा बोटांत धरायचा. दोन्ही खांद्यांच्या मदी, तळव्याच्या टाचंनं, अशा पाच. तोंडात बोट घालायचं न्हाई. न्हाईच निघालं तर दवाखान्याकडं पळायचं." दाराजवळची पुढे सरकून बसली.

बायकोनं आतून पेनं आणली. "पान अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "खोडा." छापलेल्या अक्षरावर रेघ ओढायला बायकांचा हात धजेना, पण तिच्या आवाजापुढे कोण बोलणार? चार-पाच पेनं हातोहात फिरली आणि तीस प्रतींत रेघा पडल्या. घरात उरलेल्या प्रती मी पुढे आठवडाभर खोडत होतो.

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं मी निर्धास्त कामाला गेले."

तोंड उघडलं, तर त्या दिवसासारखंच झालं.

"गेलीस ती बरूबरच गेलीस," मावशी मागून म्हणाल्या. "मी हुते की समोर."

बायकोनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातली बाहुली घेतली आणि माझ्या हातावर पालथी ठेवली. "कर," म्हणाली.

मी बाहुलीचा जबडा धरला. एक, दोन, तीन, चार, पाच.

"डोकं वर ऱ्हायलं," मावशी म्हणाल्या. "पुना."