टाळूवरचा गोल

फुलवाती वळायला बसले होते. सुतक फिटलं, देवघर पुन्हा सुरू झालं आणि बघते तर डबा रिकामा. एकशे आठ करायच्या होत्या. सदतीस झाल्या होत्या, कापूस मांडीवरच होता, तेवढ्यात नवनाथ दारात येऊन उभा राहिला. डोक्याला नेहमीची टोपी.

"वहिनी, एक काम हुतं. पर हसायचं न्हाई."

मी कापूस ताटाखाली झाकून ठेवला.

नवनाथ माझा चुलत दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो तिसरीत होता, म्हणून त्याला मी भाऊजी कधी म्हटलंच नाही. आता चौतिसावं चालू आहे. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे भाग तपासायचं काम करतो. भिंतीपलीकडच्या घरात तो आणि त्याचे वडील बबनराव असे दोघंच राहायचे. बबनरावांना सगळे आबा म्हणत. आई जाऊन सात वर्षं झाली. आबा गेले त्याला आज पंधरा दिवस.

पंचविशीतच त्याचे केस जायला लागले. आधी कपाळाकडून, मग टाळूवरून. तेल झालं, लेप झाले, कुणी सांगितलं म्हणून कांद्याचा रसही झाला. मग टोपी आली. पोरगी बघायला गेला की टोपी घालूनच पोहे खायचा. एका ठिकाणी मुलीचा मामा म्हणाला, "पाव्हणं, घरात ऊन न्हाई. काढा की टोपी." याने काढली. त्यानंतर नवनाथनेच बघायला जाणं बंद केलं.

गेल्या थंडीत त्याने मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि माण गावी जाऊन आला. तिथं एका संशोधन केंद्रात केसांवर अभ्यास चालू होता. डोक्याच्या मागं जिथं केस शाबूत असतात, तिथला तांदळाच्या दाण्याएवढा कातडीचा तुकडा काढायचा. त्यातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढं केस उगवतात त्या, वेगळ्या काढून वाढवायच्या आणि टाळूवर टोचायच्या. औषध म्हणून अजून कुठं मिळत नाही, नुसता अभ्यास आहे, गुण येईलच असं नाही, हे त्यांनी कागदावर लिहून सही घेतली होती.

आबांनी ऐकून घेतलं. "म्हंजी कांद्यासारखंच की. आधी वाफ्यात रोप टाकायचं, मग लागण."

"व्हय. पर निम्म्या लोकांना नुसतं मिठाचं पाणी टोचत्यात. कुणाला काय दिलं ते डॉक्टरला बी ठाऊक नसतं."

"निम्म्या रानात नुसतं पाणीच?" आबा म्हणाले. "लई धीराची शेती हाय रं ही."

नवनाथला टोचलं त्या जागी टाळूवर रुपयाएवढा गोल आखला होता आणि मधोमध गोंदणाचा बारीक ठिपका. सहा महिन्यांनी त्या गोलाचा फोटो काढायचा होता. तोवर गोलातल्या केसांना कात्री-वस्तरा लावायचा नाही, ही एकच अट.

पण आपली टाळू आपल्याला कुठं दिसते? म्हणून दर रविवारी आंघोळीनंतर नवनाथ अंगणात पाटावर बसायचा आणि आबा मागं उभे राहायचे, पोथी वाचायचं भिंग घेऊन. मी तुळशीला पाणी घालताना आवाज यायचा. "हलू नगं. एकोणीस... ईस... हा कवळा हाय, पर धरू." पहिल्या महिन्यात अकरा झाले, मग सतरा, मग सव्वीस. आबा जायच्या आधीच्या रविवारी एक्केचाळीस. त्या दिवशी नवनाथ आमच्याकडे शिऱ्याची वाटी घेऊन आला होता. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, मला माहीत होतं.

फोटोला पाच दिवस उरले असताना दहावा आला.

देहूला इंद्रायणीच्या घाटावर सगळी भावकी जमली होती. एकेक पुरुष न्हाव्यापुढं बसत होता. नवनाथ पाण्याकडं तोंड करून उभा राहिला, तो हलेचना.

न्हावी म्हणाला, "या नवनाथभाऊ. तुमचं काम दोन मिन्टाचं."

"मला न्हाई काढायचे."

थोरले चुलते दादासाहेब पुढं आले. "बाप गेलाय तुजा. त्याच्यासाठी बोडकं व्हायला लाज वाटती व्हय? हायेत तरी किती तुला?"

"एक्केचाळीस," नवनाथ म्हणाला.

आधी एक जण हसला, मग बरेच. चुलतभावांना वाटलं, दुःखातही पोरगा चेष्टा करतोय. एकाने तर पाठीवर थाप मारली. त्याचं तोंड मी बघितलं. एक्केचाळीस कशाचे, हे तिथं विचारणारं कुणी नव्हतं, आणि त्याला कुणाला सांगायचंही नव्हतं.

मी पदर सावरून गुरुजींकडे गेले. विचारलं, "गुरुजी, शेंडी ठेवली तर चालेल का हो?"

"चालेल का म्हणजे? ठेवायचीच असते. तुम्ही लोकांनीच सोडून दिलीय."

मी नवनाथजवळ जाऊन म्हटलं, "गोल टाळूवरच आहे ना? शेंडीची जागा तीच." त्याने माझ्याकडं बघितलं आणि न्हाव्यापुढं जाऊन बसला. कुठं किती ठेवायची ते न्हाव्याला स्वतःच्या बोटाने दाखवलं. न्हावी पुटपुटला, "आता हिला शेंडी म्हणायचं तर म्हणा." वस्तरा गोलाला वळसा घालून गेला. पिंडदान झालं. कान उन्हात लाल झालेले, टाळूवर रुपयाएवढी लव, आणि तो एकटा नदीत उतरला.

काल तो माणला जाऊन आला. तिथल्या डॉक्टर तेजल तरुण आहेत. टोपी काढल्यावर त्या मुंडण बघून म्हणाल्या, "वडील?" त्याने मान हलवली. फोटो नीट निघाला, जागा जशीच्या तशी आहे म्हणाल्या. त्याने विचारलं, "किती आलेत, मॅडम?"

"मोजणी दुसरीकडं होते, नवनाथ. आकडा मलाही कळत नाही. अभ्यास पूर्ण झाल्याशिवाय कुणालाच सांगत नाहीत. अजून वर्ष तरी जाईल."

हे सगळं त्याने आज दारात उभ्या उभ्या सांगितलं आणि खिशातून आबांचं भिंग काढलं. "वहिनी, एकडाव बघता का? एक्केचाळीस हुते. वाढलेत का तेवढं."

अंगणात तोच पाट होता. तो बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. मी चष्मा पुसला, भिंग धरलं. माझ्या बोटांचा कापूस त्या लवेत अडकला, तो फुंकून काढला. मोजले. बावीस. परत ठिपक्यापासून सुरुवात करून मोजले. तेवीस.

"किती?"

सकाळपासून तोंडात देवाचं नाव होतं, त्याच तोंडाने एक्केचाळीस म्हणायला गेले आणि खोटं बोलवेना. "मोजताना चुकले रे," म्हटलं. "पण आहेत. कोवळे आहेत."

तो पाठमोराच म्हणाला, "आबांचं तरी कुठं बरुबर हुतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला हुता. माझं तोंड वळखायला बी जवळ यायला लागायचं. दर आयतवारी दोन-चार वाढवून सांगायचे."

"तुला माहीत होतं?"

"मंग काय. मी बी घेत हुतो वाढीव."

मी म्हटलं, "दर रविवारी मी बघत जाईन. पुढच्या वेळी नीट मोजते."

"तुमी किती आयतवार याल, वहिनी?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. टोपी घातली, पाट उचलून भिंतीला लावला. भिंग घेऊन गेला. पलीकडं कडी काढल्याचा आवाज आला. मी उरलेल्या वाती वळायला बसले, पण सदतीसच्या पुढचा आकडा काही जमेना.

भिंतीवर एक आरसा आहे त्याच्याकडं, पण नुसत्या त्या एकात स्वतःची टाळू दिसत नाही. उद्या पहिली शिफ्ट सुटली की तो चाकणच्या बाजारात हातात धरायचा आरसा घ्यायला जाणार आहे, जाताना तेवढं सांगून गेला.