बिल्डची दवंडी

ऑफिसात तिला समोर ताई म्हणत आणि ती वळली की दवंडी म्हणत. दोन्ही तिला ठाऊक होतं. दवंडीचा तिला कधी राग आला नाही, कारण काम खरंच दवंडी पिटण्याचं होतं. ढोल तेवढा नव्हता, त्याची भरपाई तिचा घसा करायचा.

दवाखान्यातल्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहिणारं ते ऑफिस. आजाऱ्याच्या नसेत थेंबाथेंबानं औषध सोडणारे पंप, तिथं चूक म्हणजे माणूस हातचा जायचा. म्हणून कुणी चार ओळी बदलल्या तरी त्या आधी दुसऱ्याच्या नजरेखालून जात. त्याला रिव्ह्यू म्हणत आणि त्यासाठी एक वेगळी साइट होती. दुसरीकडे, कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बिल्ड सर्व्हर होता. सगळ्यांचा कोड गोळा करायचा, जोडून पाहायचा, त्यावर ढीगभर चाचण्या चालवायच्या आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्याचं काम. पण सांगायचं कुणाला? तो आपल्याच पडद्यावर लाल नाहीतर हिरवा ठिपका लावून मोकळा व्हायचा. रिव्ह्यूच्या साइटला सर्व्हर ठाऊक नाही, सर्व्हरला साइट ठाऊक नाही. एका छपराखाली राहून बोलाचाल बंद असलेल्या जावा जशा. आणि त्यांच्यात निरोप पोचवत दिवसभर फिरणार कोण, तर ताई.

तिची निरोप सांगायची एक तऱ्हा होती. साहेबांचा कोड नापास झाला तर ती आधी त्यांचा चहा संपू द्यायची. रिकाम्या पोटी त्यांना वाईट बातमी पचत नसे. कुणी नवखा असला तर खुर्ची ओढून शेजारी बसायची, काय बरं जमलंय ते आधी सांगायची, काय मोडलंय ते मग. आणि एक होता मोघम. गडी हुशार, पण केलेल्या बदलाला नाव द्यायची वेळ आली की लिहायचा, 'थोडं दुरुस्त केलं'. काय, कुठं, कशासाठी, ताकास तूर लागू द्यायचा नाही. त्याच्यासाठी ताई हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला हाळी द्यायची, की बाबा रे, तुझं थोडं दुरुस्त पुष्कळ मोडलंय. हॉल हसायचा, मोघमही हसायचा आणि कामाला लागायचा.

घरी सासूबाई. त्यांना ऐकू कमी येई, कानातलं यंत्र मात्र डबीत, कारण ते लावलं की म्हणे डोक्यात पाखरं फडफडतात. तेव्हा घरीही ओरडूनच बोलायचं. मीठ कुठंय हेसुद्धा तिसऱ्या घराला कळावं अशा आवाजात. एवढं सगळं एका घशानं किती वर्षं ओढावं? आधी आवाज बसायचा आणि उठायचा. मग बसला की उठेना. मग एका सकाळी तिनं तोंड उघडलं तर आतून कोरड्या लाकडावर करवत फिरल्यासारखं काहीतरी निघालं.

डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं आणि पडदे दाखवले. स्वतःच्या आवाजाचे पडदे ताई पहिल्यांदाच बघत होती. दोन पांढुरक्या पट्ट्या आणि त्यांच्यावर गाठी, जुन्या दोरीला पडाव्यात तशा. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, की दीड-दोन महिने एक शब्द नाही. कुजबूजही नाही. गप्प राहिलात तर बहुतेक परत येईल. आणि मध्येच एकदा जरी ताणून ओरडलात, तर पट्टी फाटेल आणि मग मीही काही करू शकणार नाही.

घरी नवऱ्यानं आईला खुणा करून समजावलं. सासूबाईंनी सुनेकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मी बहिरी, ही मुकी. चोर आला तर त्याचीच पंचाईत." मग उठल्या, डबी उघडली आणि ते यंत्र कानात घातलं. त्यांच्या तोंडून माया कधी बाहेर पडली नव्हती, आणि त्या दिवशीही पडली नाही.

ऑफिसात ताईनं फोनवर टाइप करून साहेबांना सगळं दाखवलं. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त घाईचे होते. नव्या पंपाची आवृत्ती दवाखान्यांना द्यायची वेळ तोंडावर आली होती. निरोपाचं काम तोवर दुसऱ्या कुणाला देऊ म्हणाले. ताईनं मान हलवली आणि टाइप केलं, की माणूस नको, त्या दोघांनाच एकमेकांशी बोलायला लावते. साहेबांनी ते दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत का नाही लावलंस, असं त्यांच्या ओठावर आलं असावं. चालत्या पायांना वाट कुठं दिसते, एवढंच.

ती काचेच्या खोलीत बसली. आधी सर्व्हरच्या नावानं रिव्ह्यूच्या साइटवर एक खातं काढलं, माणसाचं काढतात तसं. खात्याला नाव लागतं. तिनं दिलं, निरोप्या. मग साइटला सांगून ठेवलं, की कुणी बदल पाठवला, त्यापाशी काहीही नवं दिसलं, की सर्व्हरच्या पत्त्यावर हाक द्यायची. सर्व्हरला सांगितलं, की हाक आली की उठायचं, काम करायचं आणि निकाल निरोप्याच्या नावानं त्या बदलाखाली लिहायचा. ओळख पटायला दोघांना एक गुप्त किल्ली दिली, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. शेवटी ऑफिसच्या सगळ्यांच्या फोनवर जो गप्पांचा ग्रुप होता, त्यालाही निरोप्याशी जोडून दिलं.

मग मोघमला खूण केली. त्यानं लांबच्या टेबलावर बटण दाबलं, आणि तिच्या पाठीशी सर्व्हरचा पंखा घुं करून चढला.

ताई जागच्या जागी थांबली. तो पंखा तिनं हजारदा ऐकला होता. पण दर वेळी तो तिच्या हातानं चढायचा. आज हात मांडीवर होते. हॉलच्या त्या टोकाला एका माणसानं बोट हलवलं आणि या टोकाला यंत्र जागं झालं, मध्ये कुणीही चाललं नव्हतं, कुणाच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. पंखा घुमत राहिला, पडद्यावर चाचण्या मुंग्यांच्या रांगेसारख्या सरकत राहिल्या. मग पंखा उतरला, आणि तिकडे मोघमच्या पडद्यावर आपसूक एक ओळ उमटली. निरोप्या: सगळ्या चाचण्या पास. रानात रात्रभर एकट्यानं चालावं आणि पहाटे समोरून कुणीतरी आपल्याच नावानं हाक मारावी, तसं काहीतरी तिला झालं. डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायच्या आत पंखा पुन्हा चढला.

बदल कुणी पाठवला नव्हता. तरी चढला. निकाल लिहिला, उतरला, पुन्हा चढला. फोन वाजला. मग शेजारचा वाजला. मग हॉलमधला प्रत्येक फोन टेबलावर थरथरत सरकू लागला, आणि प्रत्येकावर एकच मजकूर: 'थोडं दुरुस्त केलं', पास. 'थोडं दुरुस्त केलं', पास. कुणीतरी म्हणालं, मोघमचं एवढं कौतुक त्याच्या लग्नातही झालं नसेल. मोघम उभा राहून चारी दिशांना नमस्कार करू लागला. साहेब बैठकीतून बाहेर आले, त्यांच्या दोन्ही खिशांत फोन घोंघावत होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ताईला लाज वाटायच्या आधी आश्चर्य वाटलं. तिच्या लक्षात आलं काय झालंय ते. तिनं साइटला सांगितलं होतं, की बदलापाशी काहीही नवं दिसलं की हाक द्यायची. निरोप्यानं निकाल लिहिला, तेही नवंच की. साइटनं हाक दिली, सर्व्हर उठला, त्यानं पुन्हा निकाल लिहिला. बिचारा आपल्याच आवाजाला ओ देत होता. दरीत हाक मारावी, प्रतिध्वनी यावा, आणि कुणीतरी आपल्यालाच बोलावतंय म्हणून हाक मारणाऱ्यानंच दर वेळी उत्तर द्यावं, तसं. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता आणि नेहमीच्या सवयीनं तिचं तोंड उघडलं, 'थांबा' म्हणायला. तिनं ओठ दातांत धरले आणि सर्व्हरची हाक घ्यायची खिडकी बंद केली. फोन एकेक करून शांत झाले. मग तिनं नियम बदलला: फक्त नवा कोड आला तरच हाक, आणि निरोप्याच्या बोलण्याला निरोप्यानं ओ द्यायची नाही.

पुढे काही दिवस ती त्याला वळण लावत राहिली. सुरुवातीला नापासाची बातमी सगळ्या ग्रुपवर जायची. एका नवख्याचं नाव तसं चारचौघांत झळकलं, तेव्हा त्याची मान खाली गेलेली तिनं काचेतून पाहिली. त्याच दुपारी बदललं. नापास झालं तर निरोप ज्याचा त्यालाच, एकट्याला. कोणती चाचणी, कोणती ओळ, एवढंच, दोष नाही. सगळ्यांनी मिळून वापरायचा मुख्य कोड मोडला तरच ग्रुपवर. साहेबांना चहा होईपर्यंत कळवू नये, हे मात्र तिला त्या यंत्राला शिकवता आलं नाही.

शेवटचं उरलं होतं कुलूप. निरोप पोचतो, पण न वाचताच कुणी पुढं गेलं तर? आजवर अशा वेळी ती ओरडायची. म्हणून आता निरोप्यानं हिरवं म्हटल्याशिवाय बदल मुख्य कोडमध्ये घालायचं बटणच उघडू नये, असं तिनं मागितलं. साहेबांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड व्हायला लागलाय, ताई. पण लाव." त्यांना पुढच्या बैठकीला जायचं होतं.

तिनं लावलं. आणि मग एका सकाळी, आवृत्ती द्यायच्या दिवशी, काचेच्या खोलीत बसलेली असताना तिच्यासमोर लाल ठिपका लागला.

बदल साहेबांचाच होता. मोघमनं घाईत वाचून त्याला होकारही देऊन टाकला होता. नापास झालेली चाचणी तिनं उघडली आणि ओळ न् ओळ वाचली. वीज जाऊन परत आली की पंप नव्या रोग्याला लावलेला औषधाचा वेग विसरत होता आणि त्याच्या आधीच्या रोग्याला जो वेग लावला होता, तो धरून चालू होत होता. पडद्यावर तो एक आकडा होता. खाटेवर ते एक माणूस असणार होतं.

काचेतून साहेब दिसत होते. दोन्ही कानांवर हेडफोन, दवाखान्यातले लोक पलीकडे वाट बघत असलेले, फोन टेबलावर पालथा. निरोप्यानं सांगितलं होतं, पण साहेबांनी ऐकलं नव्हतं. त्यांचा उजवा हात माउसवर होता.

आणि तेव्हा तिला ती एक खूण आठवली. कुलूप लावताना शेवटी एक चौकट असते: हा नियम अधिकाऱ्यांनाही लागू. तिथं खूण केली नाही तर बाकी सगळे अडतात आणि साहेबलोक दाबून पुढं जातात. ती चौकट तिनं पाहिली होती. खूण केली होती का? आठवेना. जीव खाऊन आठवलं तरी आठवेना.

ती धावली. खुर्ची कलंडली, दार भिंतीवर आपटलं. हॉल मोठा होता आणि साहेब पाठमोरे. अर्ध्यात तिला दिसलं, की पोचेपर्यंत होणार नाही. एकच हाळी पुरली असती. ती हाळी तिच्या छातीत तयार होती, आयुष्यभर तापवलेली. त्या दोन पांढुरक्या पट्ट्या तिच्या डोळ्यांपुढं आल्या, आणि मग ती खाटही आली. तिनं तोंड उघडलं. श्वास ओढला.

साहेबांचं बोट खाली गेलं.

काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. बटण राखाडी होतं, विझलेल्या चुलीसारखं. त्यांनी माउस आपटला, तिसऱ्यांदा दाबलं, मग पुढं वाकून बटणाखालची बारीक ओळ वाचायला लागले.

ताई त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली, भरून घेतलेला श्वास तसाच आत धरून. मग तो हळूहळू नाकावाटे सोडला. साहेबांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. त्यांना ती मागं असल्याचं कसं कळलं कोण जाणे.

"हे मलाही लावलंस?"

तिनं मान डोलावली. खरं तर तिलाही ते आत्ताच कळत होतं.

साहेब पलीकडच्या माणसांना म्हणाले, आज देता येणार नाही. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, तुमच्याकडून काही नाही. माझंच चुकलंय," ते म्हणाले आणि हेडफोन काढून ठेवला.

बटणाखाली निरोप्यानं चाचणीचं नाव आणि ओळ लिहिली होती. ते शब्द ताईनंच त्याला दिले होते, एका दुपारी, जीभ टाळूला लावून. तरी ते वाचताना तिच्या अंगावर काटा उभा राहिला. आपण कुठंतरी कधीतरी सांगून ठेवावं, आपल्याला त्याची आठवणही राहू नये, आणि कुणीतरी ते जसंच्या तसं, न रागावता, न भिता, साहेबाच्या तोंडावर पाळावं. इतकी वर्षं ती ज्याला मुका समजून त्याच्या वतीनं बोलत होती, तो हा.

साहेबांनी खुर्ची बाजूला सरकवली आणि शेजारची दुसरी ओढून तिला बसायला दिली. ती बसली. त्यांनी चाचणी उघडली, तिनं ओळीवर बोट ठेवलं. साहेबांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली, आणि कीबोर्ड जवळ ओढून दुरुस्त करायला घेतली.