लीनावहिनींचा मफलर

बालीगंजच्या शेजारणीने, लीनावहिनींनी, दिगंबररावांना मफलर विणून दिला तेव्हापासून त्यांच्या बायकोच्या, शकुनच्या, पोटात दुखत होतं. कलकत्त्याची थंडी ती काय, पण खिदिरपूरच्या गोदीत कामावर जाताना महाशय तो गळ्यातून काढत नसत. परक्या बाईच्या हातचं रोज नवऱ्याच्या गळ्यात!

अखेर मफलर धुवायला घेते म्हणून शकुनने तो पार उसवला. लोकर धुऊन वाळवली आणि दुपारी दार लावून त्याच लोकरीचा, त्याच नमुन्याचा मफलर स्वतः विणला.

दिगंबररावांनी तो गळ्याभोवती गुंडाळला, हाताने चाचपला.

“धुतल्यावर अधिकच मऊ झालाय,” ते म्हणाले. “लीनावहिनींच्या हाताला तोड नाही.”