दादाचा बँड आणि ती फिल्म

माझा मोठा भाऊ गायचा. चार मित्रांचा बँड होता त्यांचा. गोरखीजवळ एकाच्या गच्चीवर तालीम चालायची. आमचं शहर हिंदी मुलखातलं, म्हणून गाणी हिंदीत, सगळी दादानंच लिहिलेली. आमचे बाबा बिर्लानगरच्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा दादा शाळेत होता. त्यामुळे त्याच्या गाण्यांत मिलच्या क्वार्टरमधून हुसकावलेली माणसं असायची आणि त्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेले नेते. तो घरी गाऊन दाखवायला लागला की बाबा चपला घालून बाहेर पडायचे. आवडतं की नाही, कधीच कळलं नाही.

एका कॉलेजच्या कार्यक्रमात त्यानं नेत्यांवरचं गाणं म्हटलं. मुलांनी ते दोनदा म्हणायला लावलं. त्याच आठवड्यात नई सडकवर, दादा लग्नपत्रिका छापतो त्या दुकानात, एका नेत्याचे काही तरुण कार्यकर्ते आले. त्यांनी त्याला कान धरायला लावले आणि मोबाइलपुढे म्हणवून घेतलं, "गलती हो गई, अब नहीं गाऊँगा." तो व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही फिरला. पुण्याहून आत्याचा फोन आला, "थोडक्यात निभावलं हो!"

बँड मोडला. दादा पत्रिका छापत राहिला. दाढी करताना गुणगुणायचा, तेही थांबलं.

गेल्या हिवाळ्यात मॉलमधल्या थिएटरला एका परदेशी बँडच्या कॉन्सर्टची फिल्म लागली. याच बँडपायी दादा गिटार शिकला होता. आपल्याच सरकारशी उघड भांडणारी माणसं ती. दुपारचा एकच शो होता. मी तिकिटं काढली.

"मला नाही यायचं, यार. मूड नाहीये."

"दादा, तिकिटं काढलीत मी."

"किसने बोला था?" म्हणाला, पण शर्ट बदलून आला.

हॉल जवळजवळ रिकामाच होता. पहिलं गाणं सुरू झालं आणि दादाची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, तारा दाबल्यासारखी. मला इतका आनंद झाला की मी तिकडे बघायचंसुद्धा टाळलं. मग गायक थांबला. स्वतःच्या देशानं चालवलेल्या युद्धाबद्दल बोलला, सरकारला खुनी म्हणाला. मैदानभर माणसं ओरडत होती. स्टेजसमोर पोलीस उभे होते, ते गर्दी आवरत होते. गायकाकडे एकाही पोलिसानं वळूनही पाहिलं नाही.

दादा उठला आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेले. तो पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी उभा होता.

"काय झालं? आत्ता तर सुरू झाली."

"त्याला माहितीये गं, तो उद्या पण गाणार आहे."

"तू पण गाऊ शकतोस. नवीन मुलं बघ, परत सुरू कर."

"वो सब छोड." त्यानं काउंटरवर सांडलेले पॉपकॉर्न बोटानं एका बाजूला सारले. "त्या दिवशी दुकानातून घरी आलो ना, तेव्हा वाटलं होतं, बाबा चिडतील. त्या लोकांवर. ती गाणी बाबांचीच तर होती. बाबा म्हणाले, माफी मागितलीस ते बरं केलंस. आणि पंखा लावला माझ्यासाठी."

आतून ड्रमचा आवाज येत होता. आम्ही रिक्षा केली.

घरी आईनं विचारलं, "कशी होती फिल्म?"

"ठीक. आवाज फार होता," म्हणत तो जेवायला बसला.

मला वाटलं होतं, ती फिल्म बघून त्याच्यात काही हलेल. हललं ते असं, की पुढच्या रविवारी त्यानं भंगारवाल्याला हाक मारली. गिटार स्वतःच खाली नेऊन दिली. अॅम्प्लिफायर जड होता. बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि त्याची दुसरी बाजू धरली. दोघं जिना उतरत होते आणि बाबा दर पायरीला म्हणत होते, "सांभाळून रे, सांभाळून."