लवूला बोलता केला तो मी

लवूला बोलता केला तो मी. लालबागच्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा.

लवू माझा धाकटा भाऊ, जन्माचा बहिरा-मुका. गावी, कणकवलीकडे, आयेजवळ राहायचा. भूक लागली की ताट आपटायचा, बाकी काय नाय. मी सातवी पास, पण मिलच्या साचेखात्यात माझ्यासारखा विणकर नव्हता. तिथे सगळे साचे, म्हणजे माग, एकदम चालू झाले की कानात ओरडलेलं पण ऐकू येत नाय. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. धागा तुटला, पाणी पाठव, बायको माहेरी गेली, सगळं. मुकादम आला की मिशीवर बोट.

संपात मिल बंद पडली, मी गावी गेलो. बसून काय करणार? लवूला ती भाषा शिकवली. पण त्याला एकट्याला येऊन उपयोग काय, समोरच्याला पण यायला पायजे. म्हणून आये, दुकानदार, मास्तर, अख्ख्या वाडीला शिकवली. वर्षभरात लवू दुकानात घासाघीस करायला लागला. आये म्हणायची, आता ह्येका गप कर.

मग एका संस्थेच्या बाई आल्या. अपंगांना शहरात न नेता गावातच, गावाच्या मदतीने उभं करायचं, हे त्यांचं काम. आमची वाडी बघून चाट पडल्या. म्हणाल्या, आनंदराव, गावोगाव हे शिकवायला आम्हाला तुम्हीच पायजे. बोलावणं येईपर्यंत मी मुंबईला परत आलो. मिल काय घेत नव्हती, पण काळाचौकीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं, मी मास्तर होणार.

बाईंनी दादरच्या एका हॉलात कार्यक्रम ठेवला. मी इस्त्रीचा शर्ट घालून खात्यातले सगळे दोस्त घेऊन गेलो. लवू स्टेजवर, पायात नवे बूट. कुणीतरी विचारलं, तुला हे शिकवलं कुणी? लवूने हात हलवले. बाई माईकवर म्हणाल्या, संस्थेने शिकवलं म्हणतो.

मी बाईला खोटं पाडायला उठलो. चिंतामणी, माझ्या शेजारच्या साच्यावरचा, त्याने शर्ट धरून ओढला.

"बस खाली, आनंदा. बाई खरं बोलली. लवूच तसं म्हणाला."

त्याच्या हातांचं बोलणं वाचलं तर मी पण होतं. मागच्या रांगेतल्या सगळ्या विणकरांनी वाचलं होतं. उठताना एकाने पण माझ्याकडे बघितलं नाय.

बाहेर लवू धावत आला. त्याचे हात भराभर चालत होते.

"नोकरी एकच होती, दादा. ती पण संस्थेत शिकलेल्यालाच. तुला मुंबई हाय. मला काय होतं?"

आज कुडाळपासून देवगडपर्यंत माणसं पाण्यासाठी जी खूण करतात ना, ती आमच्या साचेखात्याची. माझी. लवू शिकवतो, चांगलं शिकवतो म्हणतात. शिकवणारच, शिष्य कुणाचा?

पण त्या दिवशी त्याच्यासमोर मी दोन्ही हात खिशात घातले. त्याच्यासाठी ते अजून बाहेर नाय काढले.