बकरीहून गाय मोठी

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी एक नवी भाषा शिकलो, आणि तीही शिव्यांची. जबलपूरच्या रिछाई भागातल्या कारखान्यात फिटर म्हणून माझा उभा जन्म गेला. तिथे शिव्या खाल्ल्या, दिल्या, दोन-चार स्वतः तयारही केल्या. या विषयात आपल्याला कोणी काही शिकवू शकेल असं मला वाटलं नव्हतं. पण कांचघरला आमच्या कॉलनीच्या मैदानात नातीला खेळायला न्यायला लागलो, आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की आपण अंगठाबहाद्दर आहोत.

नात नऊ वर्षांची. ही इंग्रजी शाळेतली पोरं आपसात हिंदी बोलतात, पण भांडायची वेळ आली की सरळ इंग्रजीवर उतरतात. मी बाकावर बसून कान टवकारायचो. एकाने दुसऱ्याला 'बॉट' म्हटलं. मी ऐकलं 'बोट', आणि करंगळी की अंगठा असा विचार करत बसलो. एक मुलगी 'सस' निघाली. मला वाटलं ससा, म्हणजे भित्री असेल. घरी येताना नातीला विचारलं तर ती भर रस्त्यात पोट धरून हसायला लागली. बॉट म्हणजे डोकं न वापरता यंत्रासारखा खेळणारा. सस म्हणजे जिच्यावर संशय आहे ती. 'नूब' म्हणजे नवशिका, आणि हा शब्द सध्या तुम्हालाच लागू आहे, असंही तिने सांगून टाकलं.

काय मजा आली म्हणून सांगू. दुसऱ्याच दिवशी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून एक वही आणली आणि रोजचे शब्द टिपायला लागलो. दुपारी चहा झाला की माझी नजर घड्याळावर. आमची ही म्हणायची, लग्नाच्या वरातीलाही तुम्ही एवढी घाई केली नव्हती.

कहर केला तो 'गोट'ने. एका मुलीने अवघड झेल पकडला आणि सगळी पोरं तिला गोट, गोट म्हणून ओरडली. मी चिडलोच. एवढा चांगला झेल, आणि पोरीला बकरी म्हणता? नातीने समजावलं की ती चार इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं आहेत, अर्थ असा की आजवरचा सगळ्यांत भारी खेळाडू. म्हणजे बकरी ही शाबासकी. त्या शब्दाखाली मी वहीत दोन रेघा मारल्या आणि त्या दिवशी घरात जो समोर येईल त्याला बकरी म्हणत फिरलो. भाजी चांगली झाली म्हणून हिलाही म्हटलं. ते अंगाशी आलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नातीला मराठी सगळी कळते, पण बोलायला गेली की तोंडातून हिंदीच येते. आमचं घराणं मूळचं विदर्भातलं, तीन पिढ्या जबलपुरात गेल्या, आणि माझ्या मुलाचीच मराठी आता चवीपुरती उरली आहे. नातीच्या तोंडी एकच मराठी शब्द टिकला होता, तो म्हणजे 'काहून'. का, कशासाठी, या अर्थाचा आमच्याकडचा शब्द. पुण्याचे पाहुणे त्याला हसतात. हसोत. दीड वर्षाची असल्यापासून ती माझ्या मागे काहून, काहून करत फिरली. बाकीचं वाक्य हिंदीत, पण प्रश्न मात्र आमच्या भाषेत. ते ऐकलं की माझा जीव थंड व्हायचा. वाटायचं, पोरीच्या जिभेवर आपली भाषा अजून आहे.

मग तो शब्द गेला. एका संध्याकाळी मी म्हटलं, आज पाय दुखतोय, मैदानात नको. ती म्हणाली, क्यों? मला वाटलं, चुकून आलं असेल. दुसऱ्या दिवशीही क्यों. मी आठवडाभर मुद्दाम उलटसुलट बोललो, आज स्वयंपाकाला सुट्टी आहे म्हणालो, शाळेत दप्तर नेऊ नको म्हणालो, तरी क्यों. आतून पार हललो होतो, पण तिला सरळ विचारायची हिंमत होईना.

त्याच आठवड्यात मैदानावर नवा शब्द कानी आला. नातीच्या हातात बॅट आली की दोन वेण्यांची एक उंच मुलगी 'काऊ, काऊ' असं सुरू करायची आणि बाकीची पोरं तिच्या मागून ओरडायची. मी वही उघडली. काऊ म्हणजे गाय, एवढं इंग्रजी मला येतं. बकरी जर सगळ्यांत भारी, तर गाय तिच्याहून मोठीच असणार. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला मी बाकावरून उठलो आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो, "शाब्बास, माझी काऊ!"

सगळं मैदान खदखदून हसलं. नातीने बॅट टाकली आणि एकटीच घराकडे निघाली.

मी धापा टाकत मागे गेलो. फाटकापाशी तिला गाठलं आणि विचारलं, "काहून रडून राहिली, बाई?" त्यावर ती अशी भडकली की विचारू नका. हाच शब्द, हाच बोलू नका, म्हणाली. मग रडत रडत सगळं सांगितलं. खेळता खेळता एकदा तिच्या तोंडून 'काहून' निघालं होतं. वेणीवालीला ते ऐकू आलं 'काऊ हूँ'. म्हणजे, मी गाय आहे. तेव्हापासून तिचं नावच काऊ पडलं.

आमचा शब्द, इंग्रजीतली गाय आणि हिंदीतलं हूँ. तीन भाषांनी मिळून पोरीला गोठ्यात बांधलं, आणि वरून शाबासकी दिली तिच्या सख्ख्या आजोबाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या वेणीवालीच्या घरी जाऊन चार शब्द सुनावावेत म्हणून मी चपला घातल्याही होत्या. पण आमच्या हिने दारातच अडवलं, म्हणाली, तुम्ही आज पुष्कळ बोललात. मग मी ठरवलं, हा शब्द पोरीला टोचतो ना, तर आपणच तो सोडायचा. दुसऱ्या दिवसापासून मी पुण्याच्या पाहुण्यांसारखा 'का' म्हणायला लागलो. दर वेळी जीभ अडखळायची.

नात मैदानात जातच राहिली. मी बाकावर तोंडाला कुलूप लावून बसायचो. चार-पाच दिवसांनी तिची बॅटिंग आली आणि वेणीवाली पुढे झाली. हात कमरेवर, मान डोलवत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी नक्कल, "काऊ हूँ, काऊ हूँ, काऊ हूँ." नात बॅट टेकवून उभी राहिली. तिचं पुरतं होऊ दिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "अच्छा? मैं तो पूछ रही थी. तू तो बता रही है."

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं, आणि पोरं अक्षरशः मातीत लोळली. वेणीवालीचं तोंड आधी एवढंसं झालं, पण थोड्या वेळाने तिलाही हसू आवरेना. मी बाकाची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो, पुन्हा तोंडून काही निघू नये म्हणून. इतकी वर्षं कारखान्यात काढली, पण असा जवाब मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. मला स्वतःला तर सात जन्मांत सुचला नसता. मी इतका खूश होतो की त्या वयात, त्या गुडघ्यांनी, उड्या मारल्या असत्या.

घरी येताना माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मी तिला विचारलं, का गं, हे तुला सुचलं कसं? ती चालता चालता थांबली.

"आबा, आजकल आप 'काहून' नहीं बोलते."

"तुला त्रास होते ना, म्हणून सोडून देलं."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "चिढ़ाते तो मुझे थे. आपको किसने चिढ़ाया?"

मला कोणीच चिडवलं नव्हतं.