आता फक्त नवरा-नवरी

आमच्या दोघींचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. आणि मी धंद्यानं फोटोग्राफर! पण त्याला कारण होतं. नव्वदच्या दशकात रंगीत रोल धुवायला लॅबमध्ये टाकावा लागायचा, आणि लॅबवाला प्रत्येक प्रिंट डोळ्यांखालून घालायचा. कुठल्या घरची सून नाखूष आहे हे त्याला सासूच्या आधी कळायचं. मैत्रिणी-मैत्रिणींचे फोटो जगात निघत नाहीत असं नाही. पण मी तिच्याकडे कशी बघते ते मला ठाऊक होतं, आणि ते फोटोत येतं हेही ठाऊक होतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत असली बातमी चहा उकळायच्या आत चार गल्ल्या फिरते.

ती शाळेत गणित शिकवायची. दोन गल्ल्या सोडून भावाच्या घरी राहायची. शाळा सुटली की स्टुडिओत यायची, माझ्या डब्यातली उरलेली भाजी खायची आणि मला वेड्यात काढायची. कॉलेजात असल्यापासून आमचं असं होतं. लोक आम्हाला जिवाभावाच्या मैत्रिणी म्हणायचे आणि विषय तिथंच संपायचा. संपावा म्हणून मी फार जपायचे.

वडिलांच्या मागं स्टुडिओ मी चालवला. शहरात पुरुष फोटोग्राफर पैशाला पासरी, पण हळदीला, डोहाळजेवणाला, नवऱ्या मुलीच्या न्हाणाला बाईच लागायची. जिथं मुलीच्या सख्ख्या काकालाही उंबरा ओलांडता येत नाही, तिथं मी गळ्यात कॅमेरा अडकवून सरळ आत जायचे. आत मुली परकर-पोलक्यात हसत-खिदळत असायच्या आणि कुणाला माझं काही वाटायचं नाही. ‘आपलीच हाय की ती,’ म्हणायच्या. याच चार शब्दांवर माझं आणि माझ्या म्हाताऱ्या आईचं पोट चालायचं. माझं खरं कळलं असतं तर ते दार दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं, आणि ते का बंद केलं असं मला कुठल्याच मुलीच्या आईला विचारताही आलं नसतं. मला त्याचा संताप यायचा. अजून येतो.

दोन हजारनंतरची काही वर्षं गेली, कॅमेरे डिजिटल झाले, लॅबवाल्याची भीती सरली. पण तोवर फोटो न काढण्याची सवयच लागून गेली होती. त्यातच तिच्या भावानं पुन्हा स्थळं बघायला सुरुवात केली. गगनबावड्याकडचा एक बिजवर होता, चांगला होता म्हणे. इतकी वर्षं तिनं नोकरी, आईचं आजारपण, पत्रिका असं काहीबाही पुढं करून दिवस काढले होते. आता आई गेली होती आणि पत्रिका जुळत होती.

“खरं कारण सांगू का दादाला?” ती विचारायची. “तू संगं उभी राहनार आसशील तर सांगतो.” आमच्याकडं बायकाही ‘मी येतो, मी सांगतो’ म्हणतात. मी म्हणायचे, थोडं थांब. कशासाठी थांबायचं ते मला सांगता यायचं नाही.

अशात ते मोर्चाचं काम आलं. दिल्लीच्या कोर्टाचा ३७७ कलमाचा निकाल लागून काही महिने झाले होते. एका संस्थेची पोरं स्टुडिओत आली. म्हणाली, निकालानं आम्ही गुन्हेगार नाही एवढंच ठरलं. आता लग्नाचा हक्क मागायचाय, दसरा चौकातून कलेक्टर कचेरीवर जायचंय. वर्तमानपत्रवाले काय छापतील भरवसा नाही, आमचे आम्हाला फोटो हवेत. मी हो म्हटलं. कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, असा माझा हिशोब होता. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “मी न्हाय येत. बघायला येऊन काय करू?”

कोल्हापूरला मोर्चाचं काय कौतुक! उसाच्या दराचा, पाण्याचा, रस्त्याचा, रोज एक असतो. हा मात्र गावानं कधी बघितला नव्हता. माणसं थोडीच होती. निम्म्यांनी स्कूटीवरच्या पोरींसारखे डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला स्कार्फ बांधले होते, मिशावाल्यांनीसुद्धा. मी त्यांच्यापुढं उलटी चालत होते. वरातीपुढं चालून चालून ती चाल पायात बसलेली. पानाच्या टपरीवरून एकानं हाक मारली, “ओ पावणं, मोर्चा कशाचा?”

“लग्नाचा,” फलक धरलेला पोरगा म्हणाला.

“मग नवरी कुटाय?”

टपरी हसली. पोरगाही हसला. माझं मात्र उलटं पाऊल चुकलं, कारण त्याच वेळी मागच्या रांगेत मला ती दिसली. तोंडाला निळा स्कार्फ होता, पण डावा खांदा किंचित खाली सोडून चालणारी बाई मी हजारांत ओळखली असती. तिनंही मला बघितलं. मी पटकन कॅमेरा डोळ्याला लावला.

कचेरीच्या फाटकाशी मोर्चा थांबला. तिथं दाखल्यासाठी आलेल्या लोकांची गर्दी होती, आणि त्या गर्दीत एक मावशी. त्यांच्या मुलीची हळद त्याच आठवड्यात होती आणि फोटोचं काम माझ्याकडं होतं.

“तू हितं कशी गं?”

“कामाला आलोय, मावशी.”

“व्हय बाई. पोटासाठी काय काय करावं लागतंय,” त्या म्हणाल्या, आणि दाखल्याची रांग सोडून माझ्या शेजारीच बघत उभ्या राहिल्या.

निवेदन देऊन झालं. सगळ्यांचा एक ग्रुप फोटो काढला. आणि तिथं माझ्या जिभेनं घात केला. लग्नात ग्रुप झाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. विचार न करताच ते तोंडातून गेलं, मांडवात ओरडावं तसं.

“चला, बाकीचे बाजूला व्हा! आता फक्त नवरा-नवरी!”

कुणीतरी टाळी वाजवली, आणि माणसं खरंच बाजूला झाली, लग्नात होतात तशी. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणारी दोन पोरं पुढं आली, स्कार्फ सोडले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकला. एक पोरगा रडत होता. मी फोटो काढला. मग आणखी एक जोडी आली. माझे हात काम करत होते आणि मला वाटत होतं, देवा, एवढ्यावर भागू दे.

मग ती आली. एकटीच. फाटकापुढं उभी राहिली, स्कार्फ सोडला, घडी करून पर्समध्ये ठेवला. कुठं घाई नाही. आणि माझ्याकडं बघितलं.

“हिची जोडीदार कुठाय?” मागून कुणीतरी विचारलं.

“येईल,” ती म्हणाली. “काम संपलं की येईल.”

मावशी माझ्या कोपराला लागून उभ्या होत्या. त्यांच्या केसांतल्या तेलाचा वास येत होता. पुढं पंधरा पावलंही अंतर नसेल. कॅमेरा कुणाच्याही हातात देऊन जाता आलं असतं. मला ती हवी होती, आईच्या औषधांचे पैसे हवे होते, ते आतल्या खोल्यांचं दार हवं होतं, आणि यातलं एक धरायचं तर दुसरं सोडायला लागत होतं. असा पेच ज्यांनी घातला त्यांना त्या क्षणी मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. ती वाट बघत होती. मी बटण दाबलं.

तिनं मान हलवली, पुन्हा स्कार्फ बांधला आणि स्कूटी काढून गेली.

पंधरवडाभर ती स्टुडिओकडं फिरकली नाही. मग एका दुपारी आली, नेहमीच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “दादाला फोटो पायजे. गगनबावड्याला पाठवायचाय.”

मी म्हटलं, “बस, काढतो.”

“नवा नको. त्या दिवशीचा दे. आजपातूर एवढा चांगला फोटो माझा आलेला न्हाय.”

कॉम्प्युटरवर उघडला. खरंच चांगला आला होता. ती चौकटीच्या एका कडेला होती आणि शेजारी एका माणसाची जागा मी मोकळी सोडली होती. मुद्दाम नाही, जोडीचा फोटो असाच घ्यायचा, हे हाताला माहीत होतं. त्या जागेत कचेरीची भिंत आली होती.

“ही बाजू काप,” ती म्हणाली.

मी कड आत आणत गेले. भिंत संपली, आणि तेव्हा मला तिचा हात नीट दिसला. कुणीतरी त्यात हात घालावा म्हणून तिनं कोपर जरा बाहेर काढून धरलं होतं. आणखी आत यावं तर कोपर तुटत होतं. मी थांबले.

“तुटू दे,” ती म्हणाली. “त्यांना कोपराशी काय करायचंय?”